रहाळकरांनी निवडलेली प्रार्थना

उद्घाटनाला प्रार्थना कोणती ठेवायची, हा त्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढचा सगळ्यांत किरकोळ प्रश्न होता, म्हणून तो उमाकांत रहाळकरांवर सोपवण्यात आला. रहाळकरांनी तो कोणालाही न विचारता, निव्वळ स्वतःच्या अकलेने सोडवला. तेव्हा पुढे जे काही घडलं त्याचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारायची सोय नाही.

रहाळकर मूळचे सांगलीचे. रेल्वेच्या नोकरीने त्यांना उचलून मद्रासला आणून ठेवलं त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी पानात भात पडला की ते अजूनही सवयीने पोळीची वाट बघत. कचेरीत त्यांच्याकडे साहेबलोकांचे दौरे आखायचं काम होतं. कोणाला कुठल्या गाडीने आणायचं, कुठे उतरवायचं, कोणाला उकळलेलं पाणी लागतं आणि कोणाला नुसता सोडा, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. (घरात पिण्याचं पाणी कुठल्या पिंपात असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो विषय वेगळा.)

परिषदेची मूळ कल्पना अनंतकृष्णरावांची. हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज राजेलोकांबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं राहूनच गेलं. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर रावांनी मद्रासच्या मैलापूर भागात एक छोटीशी कलासंस्था काढली होती. नृत्य हे नुसतं नाचून संपत नाही, त्याचा विचार डॉक्टरांनी, घरं बांधणाऱ्यांनी, गणितवाल्यांनी, सगळ्यांनी एकत्र बसून केला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. ते मत त्यांनी जगभरच्या विद्वानांना कळवलं. विद्वान काही उत्तर देतील अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पण परिषद डिसेंबरात असल्याचं वाचून युरोपातल्या विद्वानांनी उलट टपाली "येतो" म्हणून कळवलं, आणि अनंतकृष्णराव ती पत्रं घेऊन तसेच घराबाहेर पडले. ते थेट रहाळकरांच्या घरी आले.

"रहाळकर, तुमी कार्यवाह व्हा ओ," ते म्हणाले. "मला नाट्यशास्त्र येतं. मच्छरदाणी कोठे भाड्यानं मिळते ते येत नाही."

रहाळकरांना नृत्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्यांनी एका झटक्यात होकार दिला. त्याचं कारण स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सगळं ऐकत होतं.

अलकनंदा, म्हणजे सौ. रहाळकर, मद्रासला आली ती रडत आली होती. भाषा येईना, शेजार कळेना, नवरा दिवसभर कचेरीत. एक दिवस मागच्या गल्लीतून लाकडावर काठी आपटल्याचा ठेका ऐकू आला, म्हणून ती बघायला गेली. तिथे नारायणस्वामी मास्तर लहान लहान मुलींना भरतनाट्यम शिकवत होते. तिशी ओलांडलेली ही बाई त्या मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली आणि मग कधी हललीच नाही. मास्तर भलते कडक. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही रंगमंचावर पाय ठेवू दिला नव्हता. आता मास्तरांची नजर अधू झाली होती आणि पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, झाला की ते कुंभकोणमजवळच्या आपल्या गावी कायमचे जाणार होते. जाण्यापूर्वी एकदा, स्वतः झांजा हातात घेऊन, तिला नाचवायचं त्यांनी कबूल केलं होतं. ते या परिषदेत. हे हुकलं की पुन्हा नाही, हे तिला ठाऊक होतं आणि रहाळकरांनाही ठाऊक होतं.

तिने बसवलेला प्रकारही परिषदेला साजेसा होता. तंजावरकडच्या मराठी घरांतून गायलं जाणारं एक जुनं मराठी पद होतं. नवरा उशिरा घरी येतो, थापा मारतो आणि बायको त्याची हजेरी घेते, एवढाच त्यातला मजकूर. शब्द मराठी, नाच भरतनाट्यमचा, आणि नजर मात्र अलकनंदेने सांगलीला लहानपणी चोरून पाहिलेल्या लावणीची. "अस्के एकत्र! हीच आमची परिषद ओ!" असं म्हणून (अस्के म्हणजे तंजावरी मराठीत सगळे) अनंतकृष्णरावांनी कार्यक्रमपत्रिकेत प्रार्थनेच्या लगेच पुढे तिचं नाव घातलं.

रहाळकरांनी हे नृत्य पाहिलेलं नव्हतं. तालीम मास्तरांच्या घरी, आणि तीही ते कचेरीत असताना. पण आपली बायको परदेशी पाहुण्यांपुढे नाचणार, या कल्पनेनेच ते हरखले होते. अमेरिकन प्राध्यापकाला मच्छरदाणी, स्विस डॉक्टरांना (हे नर्तकांच्या गुडघ्यांवर बोलणार होते) टणक गादी, डेन्मार्कच्या इंगेबोर्गबाईंना बिनमिरचीचा रस्सम, सगळी तजवीज त्यांनी चोख केली. उरली होती प्रार्थना.

आता, कर्नाटक संगीत रहाळकरांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. अलकनंदा दर मोसमात सभांना, म्हणजे तिथल्या गाण्याच्या मैफलींना, जायची, आणि कार्यक्रम संपायच्या सुमाराला रहाळकर तिला आणायला जायचे. बाहेर सायकलला टेकून उभं राहायचं आणि उघड्या दारातून आतलं ऐकायचं, बघायचं. त्यातून त्यांनी एक शोध लावला होता. गायक कोणीही असो, बाई असो की बुवा, म्हातारा असो की तरुण, एक ठराविक गाणं प्रत्येकजण गातोच. छोटंसं, गोड, शांत. आणि ते सुरू झालं की सभागृहातली झाडून सगळी माणसं उठून उभी राहतात! कोणी हात जोडतं, कोणी डोळे मिटतं. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कुठल्या गाण्याला मिळालेला पाहिला नव्हता. (दुसरं कुठलं गाणं त्यांनी ऐकलंच नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.) हे या शहराचं सगळ्यांत लाडकं प्रार्थनागीत असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परदेशी पाहुण्यांसमोर पहिल्याच गाण्याला अख्खं मैलापूर उठून उभं राहिलं, तर काय छाप पडेल!

ही गोष्ट त्यांनी अलकनंदेला मुद्दाम सांगितली नाही. आपल्यालाही गाण्यातलं कळतं, हे तिला एकदम कळावं अशी त्यांची इच्छा होती.

गाणार होत्या सीतालक्ष्मी. याही तंजावरच्या मराठी, मोठ्या गायिका, आणि अलकनंदेच्या पदालाही त्याच साथ करणार होत्या. रहाळकर त्यांच्याकडे गेले.

"प्रार्थना म्हणून ते गाणं म्हणायचं," रहाळकर म्हणाले.

"कोणतं ओ?"

"ते हो, ज्याला सगळे उठून उभे राहतात." आणि त्यांनी ते थोडंसं गुणगुणून दाखवलं.

सीतालक्ष्मींनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. "ते? पैलेच?"

"पहिलंच."

"ते अखेरीस गायचं असतं की ओ. ते गायलं मणजे मग काय उरलं?"

रहाळकर मनातल्या मनात हसले. सांगलीच्या मैफली त्यांनी पाहिल्या होत्या. तिकडे सगळ्यांत ज्येष्ठ गवई शेवटी बसतो, आणि कोणी शेवटी बसायचं यावरून भल्याभल्यांचे रुसवेफुगवे होतात. बाईंना शेवटचा मान हवा आहे तर! मोठ्या कलाकारांची मनं कशी सांभाळायची, हे साहेबलोकांचे दौरे आखणाऱ्याला कोणी शिकवायला नको होतं.

"शेवटचा मान तुमचाच," ते मधाळ आवाजात म्हणाले. "पण हे आधी. त्याचं काय आहे, आंतरराष्ट्रीय परिषदांत अशीच पद्धत असते."

सीतालक्ष्मींनी आंतरराष्ट्रीय परिषद कधी पाहिली नव्हती. (रहाळकरांनीही नव्हती.) त्या पेला पुन्हा उचलत म्हणाल्या, "विदेशी लोकांची रीत असल बाबा. सेरी, बरं."

परिषदेच्या दिवशी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पुढे पाहुणे, मागे अंगाला विभूती लावलेले मैलापूरचे मामा (तिकडे प्रत्येक वडीलधारा माणूस मामाच) आणि डोक्यात जाईजुई माळलेल्या मामी. इंगेबोर्गबाईंनी कांजीवरम नेसून वरून कातड्याचा पट्टा आवळला होता. त्या शब्दांवाचून नाटकं करणाऱ्या बाई होत्या आणि त्यामुळे की काय, सगळ्यांकडे फार निरखून बघत. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी समई पेटवली. रहाळकरांनी माइकसमोर येऊन सांगितलं, "आता प्रार्थना." सीतालक्ष्मींनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं, रहाळकरांनी मान डोलावली, आणि बाईंनी गायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीला मागच्या रांगांत चुळबुळ झाली. दुसऱ्या ओळीला एक मामा उठून उभे राहिले. मग त्यांच्या मामी. मग रांगच्या रांग. रहाळकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी पाहुण्यांना हाताने खूण केली, तसे पाहुणेही धडपडत उभे राहिले. स्विस डॉक्टरांनी तर छातीवर हात ठेवला. न्यायमूर्तींनी घड्याळाकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि काठी शोधायला लागले.

गाणं संपलं. लोकांनी रंगमंचाकडे बघून हात जोडले, पिशव्या उचलल्या आणि दाराकडे चालायला लागले.

"छोटेखानी! फार सुरेख!" न्यायमूर्ती रहाळकरांचा हात हलवत म्हणाले. "आमच्याकडच्या समारंभांना संपायचं कळत नाही. तुम्ही मराठी लोक वक्तशीर हं." आणि ते मोटारीत बसून निघूनही गेले.

रहाळकरांना काही कळेना. त्यांना वाटलं, या गाण्यानंतर बाहेर जाऊन देवळाच्या दिशेला नमस्कार करून यायची पद्धत असेल. ते हसतमुखाने वाट बघत उभे राहिले. मृदंगवाल्याने मृदंगाला खोळ घातली. पडदा ओढणाऱ्या इसमाने, आयुष्यभराच्या सवयीने, पडदा ओढून टाकला. कोणीतरी पंखे बंद केले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इथल्या लोकांच्या मागोमाग जावं हे बरं, असा सुज्ञ विचार करून तेही बाहेर पडले. रहाळकरांनी तरीही माइकवर "आणि आता आपल्यासमोर" एवढं म्हटलं. सभागृहात फक्त एक म्हातारे मामा खुर्चीत झोपले होते. ते दचकून जागे झाले.

"मंगलम झालं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय?"

"शेवटचं गाणं. म्हणून झालं?"

"एक गाणं झालं. पण ते पहिलं होतं."

"मंगलम झालं ना?"

"ते सगळे उभे राहतात ते गाणं झालं."

"मग संपलं," मामा म्हणाले आणि चपला शोधत निघून गेले.

रहाळकर धावत बाहेर आले. आवारातल्या कँटीनमध्ये अख्खी परिषद डोसे मागवत होती. त्यांनी एका ओळखीच्या मामांना गाठलं.

"अहो सार, आत चला, कार्यक्रम संपलेला नाही!"

"मंगलम झालं की."

"झालं, पण चुकून झालं!"

"चुकून कसं होईल? मी स्वतः ऐकलं. सीतालक्ष्मी फार छान गायल्या," मामा समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुम्ही दमलात सार. एक कॉफी घ्या."

तेव्हा कुठे रहाळकरांच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ते गाणं सगळे गात होते, कारण सगळ्यांना कधी ना कधी थांबावं लागत होतं. लोक उभे राहत होते, कारण ते घरी निघाले होते. मंगलम म्हणजे समाप्ती. ते झालं की त्याच्यापुढे एक सूरही लावायचा नाही, हे मैलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परिषद गेली खड्ड्यात, पण अलकनंदा!

ते आतल्या खोलीत गेले. अलकनंदा चाळ बांधून, काजळ-कुंकू रेखून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि तो पाहून रहाळकरांना स्वतःची लाज वाटली.

"मास्तर," ती विचारत होती, "माझं नाचून झालं का?"

"मलाही तेच कळत नाही," मास्तर झांजा पिशवीत घालत म्हणाले. "मी झोपलो होतो की काय?"

"अहो," तिने रहाळकरांना पाहिलं, "मंगलम कोणी म्हणायला लावलं?"

रहाळकरांनी सीतालक्ष्मींकडे पाहिलं, अनंतकृष्णरावांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. कुठूनच मदत मिळेना.

"मी," ते म्हणाले. "मला वाटलं, सगळे उभे राहतात..."

"उभे राहतात?"

"मान म्हणून."

"मी सांगितलं होतं ओ ह्यांना!" सीतालक्ष्मी म्हणाल्या. "ते अखेरीस मणून! ते मणाले, विदेशी रीत!"

अलकनंदा खाली वाकून एका पायाचे चाळ सोडायला लागली. ते पाहून रहाळकरांना वाटलं, हिने आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. सांगलीहून पत्रांतून येणाऱ्या सासूच्या नाराजीला न जुमानता, पोरीबाळींच्या रांगेत शेवटी उभी राहून ती जे शिकली, ते सगळं त्यांनी एका गोड गाण्याने संपवून टाकलं होतं. त्यांना भडभडून आलं.

"मास्तर," ते हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही वाजवा. मी लोकांना ओढून आणतो."

मास्तरांनी मान हलवली. मंगलम झाल्यावर आपल्या बापाने कधी झांज वाजवली नाही, आजाने वाजवली नाही, आणि आता जाताजाता आपण तो अपशकुन करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात अलकनंदेचंच वाईट व्हायचं. ते रागाने बोलत नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येईना.

अनंतकृष्णराव इतका वेळ कोपऱ्यात कपाळ धरून बसले होते. पण हेडमास्तरकीत आयुष्य गेलेला माणूस. वेळापत्रक कोलमडलं की त्याचं काय करायचं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ते हळूच म्हणाले, "मंगलम झालं मणजे परिषद संपली. बरोबर की नाही ओ, मास्तर?"

"संपली."

"तर मग संपू दे की! पैली परिषद संपली. ती फार उत्तम झाली. न्यायमूर्तींनीसुद्धा वाखाणली. आता दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद सुरू करू. नवी समई, नवी गणपतीची प्रार्थना, अस्के नवं. नव्या परिषदेला अपशकुन कोठला?"

मास्तर विचारात पडले. सीतालक्ष्मी विचारात पडल्या. शास्त्रात कुठे बसतं आणि कुठे बसत नाही, यावर दोघांची भराभर तमिळमध्ये बरीच झकाझकी झाली. रहाळकरांना त्यातलं "मंगलम" आणि "रहाळकर" एवढंच कळलं. शेवटी मास्तरांनी पिशवीतून झांजा बाहेर काढल्या.

"एक अट आहे," ते रहाळकरांकडे बोट दाखवून म्हणाले. "जुन्या परिषदेतलं अशुभ या परिषदेत यायचं नाही. कार्यवाह नवा पाहिजे."

एकमताने सीतालक्ष्मी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कार्यवाह झाल्या. रहाळकरांची मुदत बिनतक्रार संपली. नव्या कार्यवाहांनी पहिला हुकूम सोडला तो त्यांनाच. "गाताना मला अधूनमधून गरम पाणी लागतं ओ. कँटीनमधून आणा. अन् दुसरं काही करू नका."

दुसऱ्या परिषदेची समई इंगेबोर्गबाईंनी पेटवली. आपल्याकडे परिषदा फार लांबतात, इथे त्या छोट्या छोट्या करून भरवतात, हे त्यांना अतिशय पटलं. सीतालक्ष्मींनी गणपतीचं स्तवन सुरू केलं, ते कर्ण्यावरून कँटीनपर्यंत पोचलं, आणि डोशाचा घास तोंडातच ठेवून मैलापूर कान टवकारून ऐकायला लागलं. गणपती! म्हणजे सुरुवात! एका सकाळी दोन परिषदा आणि दोन्ही फुकट! मामा-मामी हात न धुताच आत धावले. बघता बघता सभागृह पहिल्यापेक्षा जास्त भरलं.

आणि इकडे रहाळकर कँटीनच्या गर्दीत उलट्या दिशेने पाण्यासाठी झगडत होते. पाणी मिळालं ते पितळी पेल्यात, उकळतं. तो धोतराच्या सोग्यात धरून ते पडद्याआडच्या कडेला येऊन उभे राहिले आणि समोर बघून तिथेच थिजले.

ही आपली बायको? रोज भाजी चिरताना "आज काय करू?" विचारते ती? अलकनंदेच्या पायांतून ठेका असा निघत होता की फळ्या बोलत होत्या. कमरेत वाकली की मास्तरांच्या घरातली इतकी वर्षं दिसत होती, आणि मान वेळावली की एकदम सांगली. मास्तर मिटल्या डोळ्यांनी झांज वाजवत होते आणि गालातल्या गालात हसत होते. रहाळकरांचा ऊर भरून आला. आपण हे संपवून बसलो होतो, या विचाराने त्यांना पुन्हा एकदा स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सीतालक्ष्मींनी गाता गाता पाण्यासाठी हाताची खूण केली. रहाळकर भारावलेल्या अवस्थेत पुढे झाले आणि बरोबर रंगमंचाच्या उजेडात आले. धोतराचा सोगा सुटला. पेल्याचा चटका बसला म्हणून त्यांनी तो डाव्या हातात घेतला, डावा भाजला म्हणून उजव्यात घेतला. आणि नेमकी त्याच वेळी पदातली ओळ आली: इतका वेळ होतात तरी कुठे?

अलकनंदा गर्रकन वळली. पदातल्या थापाड्या नवऱ्याला ती तिथे, हवेत, कल्पना करून बघणार होती. त्या जागी खरा नवरा उभा होता. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं की मागच्या रांगेतल्या मामांनी नकळत मान खाली घातली. त्या नजरेत मघाचं मंगलम होतं, सायकलला टेकलेला नवरा होता, सगळं होतं. पुन्हा ओळ आली. तिने पुन्हा विचारलं, या वेळी नुसत्या भुवईने. रहाळकरांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पेला हिंदकळला, पाणी पायावर पडलं आणि ते एका पायावर उडाले. सभागृह हास्याने दणाणलं. मामी डोळे पुसत होत्या. स्विस डॉक्टर गुडघे विसरून टाळ्या पिटत होते. मास्तरांनी सीतालक्ष्मींकडून ती ओळ आणखी घोळवून घेतली, आणखी घोळवून घेतली. प्रत्येक खेपेला अलकनंदा निराळ्या तऱ्हेने विचारायची, कधी रागाने, कधी लाडाने, कधी हात टेकून, आणि प्रत्येक खेपेला रहाळकर तसेच, त्याच गोंधळलेल्या चेहऱ्याने, पेला या हातातून त्या हातात करत उभे होते.

नाच संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. मास्तरांनी वाकून नमस्कार करणाऱ्या अलकनंदेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं.

रहाळकर कडेला बोटांवर फुंकर घालत उभे होते. ती त्यांच्याजवळ आली.

"भाजलं का फार?" तिने विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. त्यांनी भाजलेला हात पाठीमागे लपवला. "फार छान... मला ठाऊकच नव्हतं गं."

"हो," ती म्हणाली, "तुम्हाला काय काय ठाऊक नाही ते आज सगळ्या युरोपला कळलं." पण ती हसत होती, आणि रहाळकरांना वाटलं, बोटं भाजली तर भाजली.

इतक्यात इंगेबोर्गबाई कांजीवरमचा घोळ सावरत लगबगीने आल्या. त्यांनी अलकनंदेचे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्या उन्हाळ्यात कोपनहेगनला त्यांची स्वतःची परिषद होती, तिथे हाच प्रकार हवा होता. अलकनंदेने यावं, सीतालक्ष्मींनी यावं. मास्तरांचं गाव लांब असेल तर आपण स्वतः तिथे जाऊन त्यांना विनंती करू, असंही बाई म्हणाल्या. आणि विशेषतः तो नवरा! आपण आयुष्यभर शब्दांवाचून नाटकं केली, पण असा चेहरा, इतकं न कळणं, एवढा वेळ न ढळता कोणी ठेवलेलं पाहिलं नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

रहाळकरांनी सोगा नीट खोचला. खांदे आपोआप मागे गेले. कचेरीतून रजा कशी काढायची, बोट कुठल्या बंदरातून घ्यायची, बरोबर लोणचं किती न्यायचं, सगळा दौरा त्यांच्या डोळ्यांपुढे क्षणात आखून झाला.

"माझी अडचण नाही," ते विनयाने म्हणाले. "रजा मिळेल. मी अवश्य येईन."

इंगेबोर्गबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भाजलेली बोटं, ओलं धोतर, उघडं राहिलेलं तोंड, सगळं त्यांनी पुन्हा एकदा निरखून घेतलं आणि फार मायेने त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"छे छे, तुम्ही कशाला एवढा प्रवास करता?" त्या म्हणाल्या. "नवरा आम्ही तिथलाच कोणी घेऊ. आमच्याकडे घरोघरी आहेत."